रूटला दिसतो, अपाचेला दिसत नाही

पुण्यातल्या एका कॉलेजात सिस्टिम ॲडमिन म्हणून लागून मला दोनच महिने झाले होते. मुलांची खाती एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे नेटवर्कवरून विचारायच्या सामाईक यादीत. साइटच्या पत्त्यात टिल्डा (~) आणि पुढे रोल नंबर लिहिला की अपाचे हा आमचा वेब सर्व्हर त्या मुलाचं पान उघडायचा. एका सोमवारी ती सगळी पानं ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, द्यायला लागली. सर्व्हरवरच्याच पासवर्ड फाइलमधली शिक्षकांची जुनी खाती मात्र मजेत चालू.

४०४ आणि ४०३ यांत गल्लत करू नका. होम फोल्डरच्या परवानग्या चुकल्या तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतो. फाइल जागेवर असूनही ४०४ आला, तर अपाचेने नाव विचारलं आणि ‘असा कोणी नाही’ असं उत्तर मिळालं, हा संशय आधी घ्यावा.

मी घेतला. रूटने, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरने, ‘गेटेंट पासडब्ल्यूडी’ (खात्याची माहिती विचारणारी कमांड) आणि रोल नंबर टाकला, तर होम फोल्डरसकट अख्खी ओळ हजर. म्हटलं, डिरेक्टरी ठणठणीत आहे. मग दोन दिवस अपाचेच्या कॉन्फिगमध्ये डोकं घालून बसलो.

शेवटी सीनियर मॅडम खुर्ची ओढून बसल्या. “तू रूट म्हणून विचारतोयस. पानं देणारा अपाचे रूट आहे का?” तीच कमांड त्यांनी सुडो लावून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरने चालवली; अपाचे पानं देतो ते याच नावाने. उत्तर नाहीच, नुसता कोरा प्रॉम्प्ट.

आमच्या डेबियन लिनक्सवरची, डिरेक्टरीला खाती विचारणारी जुनी लिबएनएसएस-एलडॅप लायब्ररी विचारणाऱ्या प्रोसेसमध्येच लोड व्हायची आणि आपली कॉन्फिग फाइल त्याच युजरच्या हक्काने वाचायची. फाइलवर परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला, इथे रूटला, वाचता येईल अशी. आत पासवर्ड होता, म्हणून कोणीतरी तशी करून ठेवलेली. मॅडमनी पासवर्ड रूटपुरत्या वेगळ्या फाइलीत हलवला, मूळ फाइल ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल अशी, केली (लागणारी माहिती आमची डिरेक्टरी पासवर्डाशिवायही देत होती) आणि अपाचे रीस्टार्ट केला.

मग इतके दिवस चाललं कसं? एनएससीडीमुळे. मिळालेली उत्तरं काही वेळ साठवून म्हणजे कॅश करून ठेवणारा हा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आमच्याकडे रूट म्हणून चालायचा आणि अपाचेचे प्रश्न तोच पुढे विचारायचा.

आता बहुतेक ठिकाणी याच कामासाठी एसएसएसडी भेटेल. तिथेही डीमनच विचारतो, त्यामुळे हा घोळ होत नाही. नाव न देता गेटेंट चालवलं आणि एलडॅपची खाती दिसली नाहीत, तर घाबरू नका. अख्खी यादी देणं मुळातच बंद असतं. एसएसएसडीचा कॅश मात्र मुळात ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास टिकतो.

पानं उघडली. मॅडमनी डबा काढला आणि सहज विचारलं, “एनएससीडी बंद कोणी केला रे?”

शनिवारी एका मुलाचं होम फोल्डर हलवलं, तर दहा मिनिटं जुनाच पत्ता दिसत राहिला. वैतागून मीच बंद केला होता. कॅश पुसायची कमांड असते हे तेव्हा कुठे ठाऊक! मी अमृततुल्यमधून चहा आणायला निघालो.