मुंबईच्या आसपास समुद्राकाठी टेंट लावायचाय? या चुका टाळा

दिवाळी उरकली की आमच्या मित्रांमध्ये हाच विषय सुरू होतो, या वर्षी टेंट कुठे टाकायचा. मी गेली काही वर्षं हिवाळ्यात बायको-मुलांना घेऊन नागाव, काशीद, केळवा या पट्ट्यात फिरतोय आणि मला मनापासून वाटतं की बहुतेक लोक जागा शोधतात तीच उलट्या बाजूने. आधी फोनवर फोटो बघतात, मग गाडी काढतात आणि अंधार पडल्यावर विचार करतात की आता टेंट लावायचा कुठे. खरं तर दोनच गोष्टी आधी कळायला हव्यात, पाणी कुठपर्यंत चढतं आणि जमीन कुणाची आहे.

पाणी न बघता टेंट लावणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती मी स्वतः केलीये. चांदणं मिळेल म्हणून पौर्णिमा निवडली, संध्याकाळी सहाला नागावला पोचलो, समोर एवढी मोठी सपाट पुळण, मस्त कडक वाळू, तिथेच टेंट ठोकला. रात्री साडेअकराला मुलगी म्हणाली बाबा खाली ओलं लागतंय. बाहेर टॉर्च मारला तर पाणी टेंटच्या दोरीपर्यंत. सामान ओढत ओढत वर आणलं, दोन पांघरुणं आणि मुलीचे बूट गेले, पण माणसं नीट होती हेच खूप.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, आपल्याकडे अशा दिवशी ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो, आणि आपले किनारे एवढे सपाट की तेवढ्यात पाणी शे-दोनशे पावलं आत येतं. आणि गंमत नाही, नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी असते, म्हणजे आपण पोचतो तेव्हा किनारा सगळ्यात मोठा दिसतो.

कोळी लोकांचा जुना हिशोब आहे तो पाठच करा: तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दुपारची तीच आणि रात्रीचीही साधारण तीच. थोडं मागेपुढे होतं, पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची, पण कॅलेंडर भिंतीवर असतंच त्यामुळे घरूनच अंदाज येतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं, लहान मुलं सोबत असतील तर मी आता तेच दिवस धरतो.

जागेवर गेल्यावर शिंपले, काटक्या, प्लास्टिक यांची रेघ बघायची, तिथपर्यंत मागची भरती आली होती. पण उधाण वाढत असेल तर आजची भरती त्याच्याही पुढे येईल. म्हणून मर्यादवेल शोधा, वाळूवर पसरलेली ती जांभळ्या फुलांची वेल. नावातच आहे सगळं, ती साधारणपणे समुद्राच्या मर्यादेपाशी वाढते. टेंट तिच्या मागे लावायचा आणि वेल तुडवायची नाही, वाळू तीच धरून ठेवते.

सुरूचं बन रिकामं आहे म्हणजे मोकळं आहे असं समजणं

केळवा, नागाव, किहीम, सगळीकडे किनाऱ्याला लागून सुरूची झाडं आहेत, सावली बघून मोह होतो. पण ते बन कधी वनखात्याचं असतं, कधी ग्रामपंचायतीचं, आणि त्याच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या असतात त्या तर खाजगीच. तिथे न विचारता शिरणं म्हणजे कुणाच्या तरी अंगणात शिरणं. त्यापेक्षा उजेड असताना गावात जा, पहिल्या चहाच्या टपरीवर विचारा की काका, एका रात्रीसाठी टेंट लावू देईल अशी कुणाची वाडी आहे का. माझ्या सगळ्या चांगल्या जागा अशाच मिळाल्यात. थोडे पैसे द्यायचे, जेवणही त्यांच्याकडेच सांगायचं, मग विहीर, संडास, रात्री दिवा सगळं मिळतं. फक्त टेंट नारळाखाली लावायचा नाही, नारळ पडतो तो पडतोच पण वाळलेली झावळीसुद्धा केवढी जड असते. विहिरीचं पाणी कधीकधी मचूळ निघतं, तेव्हा प्यायचा कॅन घरूनच घ्या.

कोळीवाड्याजवळ असाल, गोराई-उत्तन बाजूला, तर बोंबील सुकवायच्या वलांडी आणि होड्या ओढायची वाट सोडून बसा. पहाटे तिथे कामाची गर्दी असते.

कुणाला न सांगता रात्री किनाऱ्यावर राहणं

या किनाऱ्याचा इतिहास विसरू नका. 1993 ला स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि 2008 ला दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत आले. तेव्हापासून सागरी पोलीस आणि गावकरी रात्री अनोळखी उजेड दिसला की येऊन विचारतात आणि त्यांचं बरोबरच आहे. आधी पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत सांगून ठेवा, ओळखपत्र जवळ ठेवा, दहा मिनिटांचं काम आहे.

शहरातच जागा शोधत बसणं

बोरिवलीचं नॅशनल पार्क सगळ्यांना आठवतं, पण ते जंगल आहे, बिबटे आहेत, परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही, आणि ठाण्याचं येऊरही त्याच जंगलाचा भाग आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला तर विचारूच नका, पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि भरतीला वाट बंद होते.

बुकिंगवाल्या कॅम्पबद्दल एवढंच की पूर्ण पैसे आधी भरू नका, लोकेशन मागून सॅटेलाईट नकाशावर बघा. समुद्र समोर म्हणतात आणि मध्ये रस्ता आणि भिंत निघते. संडास किती आणि डीजे किती वाजेपर्यंत हे फोनवरच विचारा.

तिथे गेल्यावर येणाऱ्या अडचणी

खुंट्या वाळूत टिकत नाहीत ही तक्रार मला सगळे सांगतात. पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा आणि हातभर खोल आडवी पुरा, हलत नाही. टेंट आतून ओला होतो त्याचं कारण दव आणि आपला श्वास, म्हणून थंडी असली तरी वरची जाळी थोडी उघडी ठेवा. दिवसा खारे वारे समुद्राकडून आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून, त्यामुळे संध्याकाळी जी बाजू आडोशाची वाटते तिथेच पहाटे वारा लागतो, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणा.

आणि हे नीट वाचा, टेंटच्या आत शेगडी किंवा कोळसा कधीच नाही, कितीही गार वाटलं तरी. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

गाडी वाळूवर नेऊ नका, ओल्या वाळूत चाक रुतलं आणि भरती लागली की ट्रॅक्टर येईपर्यंत गाडीत पाणी. गाडी नसेल तर केळवा सोपं पडतं, विरारहून डहाणू लोकल, केळवे रोडला उतरायचं, पुढे रिक्षा. मांडव्याला जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्या.