झेंग हेच्या सफरी शिकवताना या चुका टाळा

पंधराव्या शतकात चीनच्या मिंग राजघराण्याचा सेनापती झेंग हे हिंदी महासागरातल्या सफरींवर निघाला. त्याच्या आरमारावर व्याख्यान, शाळेतला प्रकल्प किंवा छोटे प्रदर्शन करायचे ठरले की उत्साह भरपूर असतो. तरी बरेचदा पहिल्या दहा मिनिटांतच गाडी रुळावरून घसरते, कारण विषय इतका भव्य आहे की पुराव्यापेक्षा चित्रच पुढे येते. इथे पुरावा फार मोठा नाही, पण जो आहे तो अस्सल आहे आणि मुलांना थेट दाखवता येतो. खालच्या चुका टाळल्या तर तो नीट पोहोचेल.

जहाजाच्या लांबीपासून सुरुवात

सगळ्यात मोठी चूक हीच. कोलंबसच्या चिमुकल्या जहाजाशेजारी झेंग हेचे अवाढव्य ‘रत्नजहाज’ काढलेले चित्र सगळीकडे फिरते. झांग आणि छी या चिनी मापांत लांबी ४४ झांग ४ छी आणि रुंदी १८ झांग, म्हणजे सुमारे १२५ ते १३८ मीटर लांब आणि ५० मीटरहून रुंद. हा आकडा मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात, ‘मिंगशी’त आहे. पण तो ग्रंथ १७३९ मध्ये पूर्ण झाला, सफरी संपल्यावर तीनशे वर्षांनी. हीच मापे १५९७ च्या एका चिनी कादंबरीतही आहेत.

जहाजबांधणीचे अनेक अभ्यासक म्हणतात की एवढा लांब लाकडी सांगाडा खोल समुद्रातल्या लाटांवर वाकेल आणि सांधे उघडे पडतील. त्यांच्या मते साठ-सत्तर मीटर ही लांबी जास्त पटते. दुसरी बाजू १९५७ मध्ये नानजिंगच्या जहाज कारखान्याच्या जागी सापडलेल्या सुकाणूच्या सुमारे ११ मीटर लांब खांबाकडे बोट दाखवते: एवढे सुकाणू अवाढव्य जहाजालाच लागते.

मग वर्गात काय करायचे? शाळेच्या मैदानावर चुन्याने दोन रेघा आखा, एक ६० मीटरची आणि एक १३० मीटरची. मुलांना दोन्हींवरून चालू द्या, मग दोन्ही बाजूंचे पुरावे सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा. साठ मीटरचे लाकडी जहाजही त्या काळात थक्क करणारेच होते. आकडा फुगवण्याची काहीच गरज नाही.

सगळे १४०५ पासून सुरू झाले असे सांगणे

पहिली सफर १४०५ ची, शेवटची १४३१ ते १४३३ ची, एकूण सात. पण रस्ता नवा नव्हता. चिनी बौद्ध भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेहून समुद्रमार्गेच मायदेशी निघाला. दुसरा चिनी भिक्खू इत्सिंग ६७१ मध्ये जहाजाने निघून सुमात्रामार्गे बंगालमधल्या ताम्रलिप्ती बंदराला आला. १९७४ मध्ये चीनच्या क्वानझाऊ बंदरात तेराव्या शतकातले, तेरा कप्प्यांचे, मिरी आणि सुगंधी लाकूड भरलेले जहाज सापडले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताने १३४० च्या दशकात कालिकतच्या बंदरात तेरा चिनी जहाजे पाहिल्याचे लिहिले आहे. म्हणजे झेंग हे अनोळखी समुद्रात नव्हे, तर व्यापाऱ्यांनी शतकानुशतके मळलेल्या वाटेने आला होता. नवी गोष्ट होती ती बादशाही खर्चाची आणि सत्तावीस हजार माणसांच्या ताफ्याची. हा फरक सांगितला की विषय खऱ्या अर्थाने उलगडतो.

अमेरिकेचा प्रश्न हसण्यावारी नेणे

कुणीतरी विचारणारच: ‘चिनी लोक कोलंबसच्या आधी अमेरिकेत पोहोचले होते ना?’ २००२ मध्ये आलेल्या एका लोकप्रिय पुस्तकामुळे हा दावा पसरला. इतिहासकारांनी तो पुराव्याअभावी नाकारला आहे. विचारणाऱ्याला मात्र गप्प करू नका. हा दावा ज्या सफरीवर बेतला आहे ती १४२१ ची सहावी सफर परदेशी राजदूतांना त्यांच्या देशी पोहोचवण्यासाठी होती, आणि खुद्द झेंग हे १४२२ मध्ये परतला. नोंदींत ताफा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेला दिसतो. एवढे सांगून पुढे चला.

‘शांतिदूत’ किंवा ‘आक्रमक’ असा एकच शिक्का

इथे गालचा शिलालेख हाताशी ठेवा. १९११ मध्ये श्रीलंकेतल्या गाल शहरात एका मोरीवर झाकण म्हणून सापडलेला हा दगड आज कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावर १४०९ ची तारीख आणि तीन भाषा आहेत. चिनी मजकूर बुद्धाला अर्पण, तमिळ मजकूर तेनवरै नायनार या विष्णुरूपाला, फारसी मजकूर इस्लामच्या पूज्य स्थानाला, आणि भेटींची यादी जवळपास सारखीच. युन्नानमधल्या मुस्लिम घराण्यात जन्मलेल्या सेनापतीने तीन धर्मांना मान देणारा असा दगड इथे आणला, हे ऐकून वर्ग शांत होतो.

आणि लगेच पुढची गोष्ट सांगा. त्याच बेटावर तिसऱ्या सफरीत लढाई झाली आणि तिथला सत्ताधीश अलकेश्वर कैद होऊन १४११ मध्ये चीनला नेला गेला. त्याआधी सुमात्रातल्या पालेंबांगमध्ये चेन झुयी या चाच्याचा पराभव करून त्यालाही नेले होते. ताफ्यात भेटवस्तू होत्या आणि सैनिकही होते. यातली एक बाजू गाळून सांगणे म्हणजे विद्यार्थ्यांची फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

‘कागद जाळले, काहीच उरले नाही’ असे सांगणे

ताफ्याची बरीच सरकारी कागदपत्रे आज मिळत नाहीत, हे खरे. पण दुभाषा म्हणून गेलेल्या मा हुआनचा ग्रंथ आहे, ताफ्यातल्याच फेइ शिनचा आहे, गोंग झेनचा आहे. मा हुआनच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये हॅकलुइट सोसायटीने छापले. त्यातले कालिकतचे वर्णन वाचून दाखवाच. मालाची किंमत ठरायला महिना ते तीन महिने लागत. एकदा हातात हात दिला की सौदा पक्का, मग फिरवाफिरव नाही. तिथले हिशेबनीस गणकफळ्याऐवजी हातापायांच्या वीस बोटांवर हिशेब करत, आणि चुकत नसत.

दोन पुस्तकांत तारखा जुळत नाहीत तेव्हा

घाबरू नका, छपाईची चूकही समजू नका. ‘मिंगशी’च्या मोजणीत १४०७ ते १४०९ ची सफर सुटली आहे. झेंग हेने १४३१ मध्ये चीनमधल्या ल्यूजियागांग आणि चांगल इथे उभारलेल्या दोन शिलालेखांमुळे ती जागेवर आली. त्यामुळे जुन्या पुस्तकांतला क्रम वेगळा दिसतो. शिलालेखांचा क्रम धरा.

सफरी का थांबल्या, यालाही एकच कारण देऊ नका. बहुतेक सफरी धाडणाऱ्या योंगले बादशहाचा १४२४ मधला मृत्यू, उत्तरेच्या मंगोल सीमेचा ताण, दरबारातल्या अधिकाऱ्यांचा खर्चाला विरोध, हे सगळे एकत्र आले. ‘चीनने दार लावून घेतले’ हे वाक्य टाळा. खासगी व्यापार नंतरही चालूच होता.

शेवटी, केरळला सहल काढणाऱ्यांसाठी. कोचीची मासेमारीची चिनी जाळी झेंग हेनेच आणली असे गाइड सांगतात, पण तसा भक्कम पुरावा नाही. ती पोर्तुगीजांच्या काळात आली, असेही एक मत आहे. फोटो जरूर काढा. पण बोलायचेच तर कोल्लमबद्दल बोला. २०१४ मध्ये तिथल्या बंदरातला गाळ उपसताना चिनी नाणी आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले.