पाठवणारा म्हणतो पोचलं, माझ्याकडे काहीच नाही: कॅन बसवर अडकलेल्यांसाठी

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला एम्बेडेडची पहिली नोकरी लागलेल्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न: "सर, समोरचा बोर्ड पाठवतोय, एरर नाही, पण माझ्याकडं एक मेसेज येईना." कॅन म्हणजे गाडीतले बोर्ड ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात ती बस. तिची फ्रेम (एक मेसेज), आयडी (मेसेजचा नंबर), बिटरेट (वेग) तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. बोर्ड एसटीएम३२ एफ१०३ किंवा एफ४०७, लायब्ररी हॅल (एसटीचीच आयती ड्रायव्हर लायब्ररी).

वायरचं काम पाच मिनिटांचं. दोन्हीकडची वीज बंद करा आणि कॅन-हाय, कॅन-लो यांच्यात मल्टिमीटर लावा. ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० म्हणजे एका टोकाचा टर्मिनेटर (बसच्या टोकाला लागणारा १२० ओहमचा रेझिस्टर) गायब. ४० म्हणजे तीन लागलेत. आयत्या ट्रान्सीव्हर (चिप आणि बसच्या वायरी यांना जोडणारा भाग) मॉड्यूलवर बऱ्याचदा १२० चा रेझिस्टर बसवूनच येतो. यूएआरटीच्या (साध्या सीरियल पोर्टच्या) सवयीनं टीएक्स-आरएक्स उलटसुलट जोडू नका, इथं चिपचा टीएक्स ट्रान्सीव्हरच्या टीएक्सलाच जातो. एफ१०३ वर यूएसबी चालू असेल तर कॅन विसरा, दोघांची ५१२ बाइटची मेमरी एकच आहे.

बिटरेट: एफ१०३ ला ३६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) ४, सेगमेंट १५ आणि २, झाले ५०० केबीपीएस. समोर एमसीपी२५१५ या कॅन कंट्रोलर चिपचं स्वस्त मॉड्यूल असेल तर त्याच्या क्रिस्टलवरचा आकडा वाचा. क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आणि कोडमध्ये १६ लिहिलेत, तर वेग निम्मा होतो.

आता खरा खड्डा. पाठवणाऱ्याला पोचपावतीचा बिट मिळाला म्हणजे तुमच्या कोडला मेसेज मिळाला, असं अजिबात नाही. फ्रेम शाबूत आली की कंट्रोलर पोचपावती देऊन मोकळा होतो. कुठले आयडी आत घ्यायचे हे ठरवणारा फिल्टर त्यानंतर लागतो. म्हणून समोरचा खूश आणि तुमचा फिफो (आलेल्या फ्रेमची रांग) रिकामा, ही जोडी दिसली की वायर, ट्रान्सीव्हर, बिटरेट यांतलं काही उकरू नका. ते सगळं ठीक आहे म्हणूनच पोचपावती गेली. फक्त एक खात्री करा: बसवर ॲनालायझर किंवा तिसरा बोर्ड असेल तर तो काढा, पोचपावती त्याची असू शकते. काढल्यावर पाठवणाऱ्याचा एरर काउंटर १२८ वर जाऊन बसला, तर दोष वायर, ट्रान्सीव्हर किंवा बिटरेटमध्येच आहे, परत मल्टिमीटर घ्या.

काउंटर शून्यावरच राहिला तर फिल्टर. या चिपमध्ये एकही फिल्टर चालू नसेल तर "सगळं येऊ दे" असं होत नाही, सगळं फेकलं जातं. क्यूबएमएक्स (सेटिंगवरून कोड बनवणारं एसटीचं टूल) बिटरेटचा कोड बनवून देतं, फिल्टरचा नाही; तो कॅन-स्टार्ट बोलावण्याआधी तुम्हीच लिहायचा. ११ बिटांचा आयडी १६ बिटांच्या घरात वरच्या अंगाला बसतो, म्हणून तो ५ बिट डावीकडं सरकवावा लागतो. हेक्स १२३ चं होतं २४६०, मास्क (आयडीचे कुठले बिट तपासायचे ते सांगणारा आकडा) ७एफएफ चा होतो एफएफई०. न सरकवता १२३ तसंच टाकलं, तर आयडीच्या जागी ००९ जातं आणि फिल्टर त्याचीच वाट बघत बसतो. कंपायलर हूं की चूं करत नाही. मास्कचा अर्थही लोक उलटा घेतात: १ म्हणजे हा बिट जुळलाच पाहिजे, ० म्हणजे काहीही चालेल. एफ४०७ वर कॅन-२ वापरताय? त्याचे फिल्टर बँक (फिल्टर ठेवायच्या जागा) नेहमीच्या सेटिंगला १४ पासून सुरू होतात, आणि कॅन-१ चं क्लॉक चालू केल्याशिवाय कॅन-२ चा फिल्टर लागत नाही.

घाबरू नका, यात डोकं कमी पडलं असं काही नसतं. आधी मास्क शून्य ठेवून लूपबॅक मोडमध्ये (चिपच्या आतल्या आत, बसशिवाय) स्वतःचाच मेसेज स्वतःला पाठवा. आला, की इंटरप्ट आणि फिफो ठीक. मग मास्क घट्ट करा, तोही आला की नॉर्मल मोड. लूपबॅक बिटरेटबद्दल काहीच सांगत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मास्क शून्यच ठेवून "चालतंय ना, हात लावू नको" म्हणणारे सीनिअर भेटतील. स्वभावानं लई चांगले असतात, पण हा सल्ला घेऊ नका. टेबलावर दोन बोर्डांत ते चालतं. गाडीच्या बसवर ८ बाइटची फ्रेम ५०० केबीपीएसला सव्वादोनशे-अडीचशे मायक्रोसेकंदांत संपते, आणि फिफोत जागा तीनच. कॉलबॅकमध्ये (मेसेज आल्यावर इंटरप्टमधून चालणाऱ्या फंक्शनमध्ये) सीरियल पोर्टच्या ११५२०० वेगावर २० अक्षरांचा प्रिंटएफ टाकलात तर त्यालाच १.७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात भरलेल्या बसवर सात फ्रेम येऊन जातात आणि तुम्हाला हवा तो मेसेज नेमका हरवतो. कॉलबॅकमध्ये फ्रेम उचलून बफरमध्ये ठेवा, छापायचं ते मेन लूपमध्ये. आणि फ्रेम उचलाच: गेट-आरएक्स-मेसेज बोलावलं नाही तर फिफो सुटत नाही, तोच इंटरप्ट पुन्हापुन्हा येतो आणि बोर्ड गोठल्यासारखा वाटतो.

कॅन-स्टार्टच एरर देत असेल तर फिल्टरला दोष देऊ नका. बहुतेक आरएक्स पिन लो (०) वर अडकलीय. ट्रान्सीव्हरची वीज बघा.