व्हीए हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक (टेक्नॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचं असेल तर

अमेरिकेत आलेल्या आपल्या बऱ्याच एक्स-रेवाल्या मुलामुलींना व्हीएमधल्या नोकरीबद्दल विचारायचं असतं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. व्हीए म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स, माजी सैनिकांसाठीची सरकारी यंत्रणा, १९३० पासूनची, १९८९ ला तिला मंत्रालयाचा दर्जा मिळाला, देशभरात १७० च्या आसपास मोठी हॉस्पिटलं आणि शिवाय शेकडो छोटी क्लिनिकं. आपल्याकडच्या ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, पॉलिक्लिनिकमधून पुढे बऱ्याचदा करारावरच्या खासगी हॉस्पिटलात पाठवतात, इथं मात्र हॉस्पिटल, डॉक्टर, मशीन बहुतेक सगळं व्हीएचं स्वतःचं असतं.

आधी कागदांचं बघू. एआरआरटीची, म्हणजे एक्स-रे टेकची परीक्षा आणि नोंदणी करणाऱ्या अमेरिकन संस्थेची, रजिस्ट्री पाहिजेच. भारतातली डिग्री, मग ती बीएस्सी असो की डिप्लोमा, थेट चालत नाही, एआरआरटी-मान्य प्रोग्राम इथं पूर्ण करावा लागतो, साधारण दोन वर्षं जातात, जुने विषय किती धरायचे ते कॉलेज ठरवतं, त्यामुळे मार्कशीट आणि सिलॅबसच्या कॉप्या भारतातूनच घेऊन या, नंतर युनिव्हर्सिटीकडून मागवताना फार जीव जातो. कॉलेज निवडताना एक प्रश्न नक्की विचारा, क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष सरावासाठी, व्हीए हॉस्पिटल मिळतं का? तिथं विद्यार्थी म्हणून काम केलं असेल तर पुढे खूप सोपं जातं. अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवरच करायचा, आणि रेझ्युमे खासगी हॉस्पिटलला देतो तसा देऊ नका, प्रत्येक नोकरीचा महिना, वर्ष आणि आठवड्याचे तास लिहा, तास नसतील तर तो अनुभव धरतच नाहीत. सिटिझनला पहिला मान आहे, पात्र सिटिझन मिळालाच नाही तर इतरांचा विचार होतो, म्हणून नुसतं ग्रीनकार्ड असेल तर फार आशा लावून बसू नका, तोवर दुसरीकडे अनुभव घ्या. आणि तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी ही फेडरल नोकरी आहे, चालत नाही म्हणजे नाही.

आता खरं काम. मशीन तेच असतं, केव्ही-एमएएस (एक्स-रेची सेटिंगं) तेच असतं, पण समोरच्याच्या अंगावर काय काय होऊन गेलंय ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसतं. ऑर्डरवर फक्त 'नी पेन' असतं. माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे, पोझिशन करायच्या आधी विचारा.

ओळख पटवताना पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, बरेच जुने पेशंट न विचारताच सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे सांगून टाकतात, इतकी ती सवय त्यांच्या अंगात भिनलेली असते. ऐकू येत नसेल हे धरूनच चाला, कानात आवाज घुमणं आणि बहिरेपण या माजी सैनिकांच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या तक्रारी आहेत, तोफा, हेलिकॉप्टर, इंजिनरूम. तुम्ही काचेमागून 'श्वास घ्या, धरा' म्हणता आणि चेस्टला, म्हणजे छातीच्या एक्स-रेला, पाठ तुमच्याकडे असते, ओठ दिसत नाहीत, आवाज पोचत नाही, मग हललेली फिल्म येते आणि रिपीट करावी लागते. त्यामुळे आधी समोर उभं राहून एकदा श्वासाची रंगीत तालीम करून घ्या, हाताची खूण ठरवा, मगच भिंतीकडे वळवा. चेस्टच्या वेळी डॉग टॅग, म्हणजे सैनिकाचा गळ्यातला ओळखीचा बिल्ला, काढायला सांगावा लागतो, काही जण पन्नास-पन्नास वर्षं तो गळ्यात घालून असतात, स्वतः हात घालून काढू नका, त्यांना काढू द्या आणि कुठं ठेवायचा तेही त्यांनाच विचारा, कपड्यांच्या पिशवीत टाकू नका.

पीटीएसडीबद्दल, म्हणजे युद्धासारख्या धक्क्यानंतर मनावर राहणाऱ्या आजाराबद्दल, पुस्तकात वाचलेलं असतंच, खोलीत त्याचा अर्थ असा की मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही. समोरून या, 'आता तुमच्या खांद्याला हात लावतेय' म्हणा, मग लावा. ट्यूब डोक्यावरून सरकवायच्या आधी सांगा, बकीचा (डिटेक्टर ठेवायच्या ट्रेचा) खट्ट आवाज होईल ते सांगा, लाइट कमी करणार असाल तर सांगा, दार बंद करायच्या आधी तर नक्कीच सांगा. अर्धा मिनिट जातो, पण पेशंट ताठरला की पाच मिनिटं जातात आणि फिल्म पण खराब येते. बायका पण सैन्यात होत्या हे विसरू नका, सोबत आलेल्या नवऱ्याकडे बघून 'व्हेटरन कोण' असं विचारणारे टेक मी पाहिलेत, त्या बाईला किती लागत असेल. काहींवर नोकरीत असताना लैंगिक अत्याचार झालेले असतात, पुरुषांवरसुद्धा, त्यामुळे हिप किंवा पेल्व्हिसला हाडाचे लँडमार्क चाचपायच्या आधी काय करणार ते सांगा, परवानगी घ्या, बाई टेक किंवा सोबत कुणी हवं का ते स्वतःहून विचारा.

धातू. इथं सगळ्यात जास्त डोकं लावायचं. एमआरआयच्या फॉर्मवर 'शरीरात धातू?' समोर 'नाही' लिहितात कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे छर्रे ते विसरून गेलेले असतात किंवा आता त्याचं काय एवढं असं वाटतं. म्हणून वेगळं विचारा, कधी स्फोटात जखमी झालात का, जहाजावर किंवा वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग, वेल्डिंग केलंत का, डोळ्यात कधी कण गेला होता का. डोळ्याची शंका असली तर आधी ऑर्बिटचा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा, एक्स-रे होतो, वॉटर्स व्ह्यू, डोळे वर करून एक आणि खाली करून एक. दोन कशाला, तर ठिपका डिटेक्टरवरचा असेल तर जागचा हलत नाही, डोळ्याच्या गोळ्यात असेल तर नजर वर-खाली केली की सरकतो. त्याआधी डिटेक्टर पुसून घ्या, चष्मा, केसातल्या पिना, कवळी सगळं काढायला लावा. आणि साध्या एक्स-रेत छर्रे दिसले तर टेकच्या नोटमध्ये लिहाच, कुठलं युद्ध, कुठलं वर्ष, पेशंट काय म्हणाला, कारण रेडिओलॉजिस्टला समोर माणूस दिसत नाही, फक्त पांढरे ठिपके दिसतात. शरीरात राहून गेलेल्या अशा तुकड्यांवर लक्ष ठेवायला व्हीएचं बाल्टिमोरला खास केंद्र आहे, तुमची एक ओळ डॉक्टरला तिकडे विचारायला लावू शकते.

चेस्ट खूप येतात. नेव्हीवाल्यांना जहाजावरचं अस्बेस्टॉस, इराक-अफगाणिस्तानवाल्यांना बर्न पिटचा, म्हणजे कचरा जाळायच्या खड्ड्यांचा, धूर, अशा विषारी संपर्कांसाठीचा पॅक्ट कायदा १० ऑगस्ट २०२२ ला झाल्यापासून त्याची चौकशी व्हीएत नोंद असलेल्या प्रत्येक व्हेटरनकडे नियमाने होते. सिगरेट तर होतीच, १९७५ पर्यंत रेशनच्या पाकिटातच मिळायची. त्यामुळे ५० ते ८० वयाचे आणि २० पॅक-इयर (रोज एक पाकीट, वीस वर्षं, इतकी) ओढलेले बरेच जण फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी लो-डोस सीटीला येतात. साध्या चेस्टमध्ये खालचे कोन कापू नका, प्लुरात, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणात, पाणी साठायला लागलं तर ते आधी तिथंच दिसतं.

गुडघे आणि कंबर म्हणजे रोजची भाकरी. पॅराट्रूपर असेल तर विचारायलाच नको. उभं राहून दोन्ही गुडघे घ्यायचे असतात आणि 'आय ॲम फाइन' म्हणतील, पण साताऱ्या-कोल्हापूरकडे ज्यांच्या घरात फौजी आहेत त्यांना माहितीये, हा माणूस दुखतंय म्हणून सांगणार नाही, तुम्ही हाताकडे बघा, हँडल गच्च धरलं असेल, बोटं पांढरी पडली असतील तर बसवा, दोन मिनिटं जाऊ द्या. कृत्रिम पाय असेल तर 'काढायचा का, कसा काढता' असं त्यालाच विचारा, तो त्याच्या अंगाचा भाग आहे, उचलून कोपऱ्यात ठेवू नका, हाताला येईल असा ठेवा. कोरियन युद्धातले आता थोडेच उरलेत, १९५० च्या हिवाळ्यात पाय गोठलेले, त्यांच्या बोटांना थंड डिटेक्टर लावताना वर चादर टाका.

'थँक यू फॉर युवर सर्व्हिस' सगळ्यांनाच आवडतं असं नाही. व्हिएतनामवाल्यांना 'वेलकम होम' म्हणा, ते परत आले तेव्हा फारसं कुणी म्हणालं नव्हतं.

कधीकधी टेबलावर पडल्या पडल्या कुणीतरी बोलून जातो की आता जगून काय करायचं. हसून विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, व्हीएच्या ट्रेनिंगमध्ये पण हेच शिकवतात. 'हो' आलं तर त्याला एकट्याला वेटिंगमध्ये पाठवायचं नाही, तुम्ही थांबा, सहकाऱ्याला नर्स किंवा डॉक्टरला बोलवायला पाठवा, हातातली लिस्ट राहू दे. ९८८ लावून १ दाबलं की व्हेटरन्स क्रायसिस लाइन लागते, तो नंबर खोलीत दिसेल असा चिकटवून ठेवा, घरच्यांना पण द्या.

पगार काही शहरात बाहेरपेक्षा कमी वाटेल, पण वर्षाला ११ सरकारी सुट्ट्या, दर दोन आठवड्याला चार तास सिक लीव्ह आणि सुरुवातीची तीन वर्षं चार तास ॲन्युअल लीव्ह, पुढे ती वाढत जाते, पेन्शन आहे, टीएसपीत, म्हणजे सरकारी नोकरांच्या निवृत्ती बचत योजनेत, तुम्ही पगाराचे ५ टक्के टाकलेत तर सरकार तेवढेच टाकतं, पहिल्या दिवसापासून ५ टक्के टाकायला लागा, नाहीतर ते पैसे सोडून दिल्यासारखं आहे. एआरआरटीचे दोन वर्षांत २४ सीई (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) क्रेडिट लागतात, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, सर्टिफिकेटं एका फोल्डरमध्ये जपा, ऑडिट आलं तर दाखवावी लागतात.