झाडाखाली हळद लावताना सावलीइतकाच निचराही बघा

"हळदीला सावली चालते, लावून टाका झाडाखाली." हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यानं कास्तकाराचं नुकसान होतं. विदर्भातल्या काळ्या जमिनीत झाडाखालची हळद उन्हाअभावी फारशी जात नाही. ती कुजून जाते. सावलीत जमिनीतला ओलावा लवकर उडत नाही आणि चिकण माती पाणी लवकर खाली सोडत नाही.

जागा निवडताना मे महिन्यातली सावली धरू नका. तेव्हा सागाला जेमतेम पान असतं. जुलैत त्याच जागी गर्द छत होतं. पावसाळ्यात उघडीप असताना भरदुपारी जमिनीवर कवडसे दिसतात ती जागा घ्या. दाट सावलीत हळदीची पानं रुंद, हिरवीगार होतात, झाड उंच वाढतं आणि खाली गड्डे मात्र बोटभरच राहतात. पानांवर भुलू नका. दाट झालेल्या खालच्या फांद्या उन्हाळ्यातच छाटून घ्या.

आता निचरा. मला सर्वांत जास्त झुंजवलं ते यानंच. उन्हाळ्यात हातभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा. पहिलं पाणी भराभर जिरतं आणि जमीन उत्तम आहे असं वाटतं. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. कोरड्या काळ्या मातीला भेगा असतात, पाणी त्यांतून पळतं. माती फुगून भेगा मिटल्या की खरी परीक्षा सुरू होते, म्हणून खड्डा पुन्हा भरा. संध्याकाळी भरलेलं हे दुसरं पाणी सकाळीही तसंच उभं दिसलं, तर तिथं सपाट वाफ्यात हळद लावायचीच नाही.

उपाय म्हणून कोणी वाळू मिसळायला सांगेल. दोन-चार टोपली वाळूनं चिकण माती सुधरत नाही. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा घालून वीत-सव्वावीत उंच गादीवाफे करा, तेही उताराच्या दिशेनं. मधले चर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाहेर काढून द्या. तोंड बंद राहिलं तर तेच चर डबकी होतात. वाफे करताना जाड मुळं तोडू नका, आणि खोडाला माती चढवू तर मुळीच नका, साल कुजते. संत्र्याच्या बगीच्यात हळद नकोच, असं माझं ठाम मत आहे. बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक गळायचा रोग, येतो आणि हळदीपायी उभं झाड हातचं जातं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमीन आणि पाणी खारट असलेल्या भागात, माती तपासल्याशिवाय या भानगडीत पडू नका.

जूनमध्ये फुगलेल्या डोळ्यांचं, निरोगी बेणं दोन-तीन बोटं खोल लावा. वर पालापाचोळा पसरा. गड्डे उघडे पडू लागले की मातीची भर द्या.

पाऊस सरला की उलट अडचण येते: झाडाची मुळं वाफ्यातली ओल ओढून घेतात. वरची माती कोरडी दिसेपर्यंत थांबा, मग हलकं पाणी द्या.

ऑगस्टच्या झडीत रोज वाफ्यातून फिरा. खालची पानं कडेनं पिवळी पडली, बुंधा पाणचट मऊ लागला आणि झाड ओढताच हातात आलं, की ती कंदकूज. ते झाड भोवतालच्या मातीसकट काढून वावराबाहेर न्या, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. आणि चर कुठे तुंबला आहे ते त्याच दिवशी शोधून मोकळा करा.