झोन आला म्हणून नाचू नका! वनस्पतींचं अँटिबॅक्टेरियल टेस्टिंग करताना या चुका टाळा

प्लेटवर झोन (अर्काभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं रिकामं वर्तुळ) दिसला की फोटो काढायच्या आधी सॉल्व्हंट कंट्रोल कुठंय ते बघा. अर्क मेथॅनॉलमध्ये किंवा डीएमएसओमध्ये विरघळवलाय ना, मग तेवढाच नुसता सॉल्व्हंट एका वेलमध्ये (प्लेटमधल्या आगर नावाच्या जेलीत पाडलेला खड्डा) टाकायलाच हवा, कारण मेथॅनॉल स्वतःच बॅक्टेरिया मारतं आणि आपण कौतुक झाडाचं करत बसतो. मी हे केलंय, महिनाभराचं काम परत करावं लागलं. अर्क आंबट असेल तर पीएचपण बघून घ्या.

पण खरा घोळ होतो तो मिलिमीटर मोजून कुठलं झाड भारी ते ठरवण्यात. पाण्यात विरघळणारे घटक आगरमध्ये लांब पसरतात, तेलकट घटक वेलच्या कडेलाच अडकून राहतात, त्यामुळे झोन छोटा म्हणजे अर्क कमजोर असं काही नसतं. आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या कागदी डिस्कशी बरोबरी तर करूच नका, तिच्यावर 10 मायक्रोग्रॅम शुद्ध औषध असतं आणि आपण वेलमध्ये मिलिग्रॅमनी कच्चा अर्क ओतलेला असतो!

तुलना करायचीच असेल तर 96 वेलच्या (छोट्या कप्प्यांच्या) प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढा. तिथं अर्काचा हिरवट गढूळपणा फसवतो म्हणून लोक रेझाझुरिन हा रंग टाकतात, निळ्याचं गुलाबी झालं की बॅक्टेरिया जिवंत. फक्त काही अर्क बॅक्टेरिया नसतानाही त्याला गुलाबी करतात (अँटिऑक्सिडंट भरपूर असले की असं होऊ शकतं), तेव्हा अर्क आणि ब्रॉथ (बॅक्टेरिया वाढवायचं पातळ खाद्य), बॅक्टेरिया नाही, असा एक वेल ठेवाच.

झोन येतच नाही? आधी कल्चर (वाढवलेले बॅक्टेरिया) बघा, 0.5 मॅकफारलंडपेक्षा (गढूळपणावरून बॅक्टेरियाची दाटी मोजायचं माप) दाट झालं की झोन आक्रसतो, म्युलर-हिंटन आगर 4 मिमीपेक्षा जाड ओतलं तरी तेच. सुगंधी पानं कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवली असतील तर तेल केव्हाच उडून गेलं. स्टॅफिलोकोकसवर झोन आला आणि ई. कोलायवर नाही, तर घाबरू नका, ई. कोलायसारख्या ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या पडद्यातून बरेच घटक आत शिरतच नाहीत.

आणि हो, झाडाचा नमुना दाबून, वाळवून, वनस्पतीशास्त्राच्या माणसाकडून ओळख पटवून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवा, अर्क काढायच्या आधी, कारण नंतर बरणीत उरते ती हिरवी पावडर, तिच्यावरून कोण काय ओळखणार.