काकडीची जात कुठली घ्यावी ते सांगतो, पण आधी पान उलटून बघायची सवय लावा

आर्द्रा नक्षत्र लागलं (जूनअखेर) की दरवर्षी मला तोच फोन येतो. गंगापूर रोडच्या बंगलेवाल्यांपासून सिडकोतल्या गच्चीवाल्यांपर्यंत सगळे विचारतात, घरापुरती काकडी लावायची आहे, कुठली जात घेऊ? आणि ऑगस्टमध्ये त्याच लोकांचे फोटो येतात, वेल मांडवावर चढलेला, खालपासून पानं भाजल्यासारखी वाळलेली, दोन वाकड्या काकड्या लोंबतायत, आणि खाली लिहिलेलं असतं "दादा खत कमी पडलं का?" खत नाही हो कमी पडलं. केवडा आला, आपण ज्याला डाऊनी म्हणतो तो पानांचा बुरशीरोग. दहा-बारा दिवस आधीच पानाखाली येऊन बसला होता, पान उलटून कुणी बघितलंच नाही.

मला याचं नवल वाटतं कारण आपण नाशिकची माणसं. ऑक्टोबर छाटणी झाली की हाच माणूस द्राक्षाचं पान सकाळ-संध्याकाळ उलटून बघतो, ढग आले तर रात्री झोपत नाही, आणि घरामागं दहा पावलांवर काकडीचा वेल असतो त्याच्याकडे बघायचं ते फक्त काकडी तोडायला. (द्राक्षाचा डाऊनी काकडीवर येत नाही आणि काकडीचा द्राक्षावर जात नाही, दोन्ही बुरशी वेगळ्या, त्यामुळे बागेला धोका आहे म्हणून वेल उपटू नका. तसं करणारेही बघितलेत.)

म्हणून आधीच सांगतो, चांगली जात घेतली तर तुम्हाला आठ-पंधरा दिवस जास्तीचे मिळतील एवढंच. पुढे पीक राहतं का जातं ते तुम्ही पान उलटता का त्यावर आहे.

आता जातींचं बघू.

पहिला प्रश्न जातीचा नाहीच, तुमच्याकडे पाऊस किती पडतो हा आहे. नाशिक जिल्हा म्हणून एकच सल्ला देता येत नाही. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे झड लागली की आठ-आठ दिवस पान वाळत नाही, आणि सिन्नर-येवल्याकडे तेच दिवस नुसत्या वाऱ्यात जातात. जिथं पान ओलं राहतं तिथं केवडा ठरलेलाच.

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात असाल तर शीतल लावा. ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जात, जास्त पावसासाठीच काढलेली, डोंगरउताराच्या निचऱ्याच्या जमिनीत चांगली येते. साधारण ४५ दिवसांत पहिला तोडा, हिरवी मध्यम काकडी, २०० ते २५० ग्रॅमची. दिसायला काही खास नाही, पण पावसात तग धरते.

नाशिक शहर, निफाड, दिंडोरी, सिन्नर या बाजूला राहुरी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी. हिमांगीची काकडी पांढरट असते म्हणून लोक नाक मुरडतात, अहो पण कोशिंबिरीला तिच्यासारखी नाही आणि तोडून ठेवली तर लवकर तांबूस पडत नाही. घरच्या माणसांना हिरवीच लागत असेल तर शुभांगी.

पूना खिरा ही आपली जुनी. आखूड काकडी, हिरवी किंवा पिवळट-तांबूस होणारी, चवीला माझ्या मते अजूनही एक नंबर. पण ती उन्हाळ्याची आहे. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत लावा, मार्च-एप्रिलमध्ये खा. पावसाळ्यात पूना खिरा लावून मग रडायचं हे मी स्वतः दोन वर्षं केलंय. आणि डिसेंबरात लावायची घाई करू नका, निफाडचा पारा पाच-सहावर जातो तेव्हा बी उगवतच नाही, जमिनीत कुजून जातं.

पॉइनसेट नावाचं बी कुठे मिळालं तर घ्या. अमेरिकेत निवडलेली जात, गडद हिरवी, केवडा आणि भुरी (पानावर पांढरी पावडर येते तो रोग) दोन्हीला सहनशील. तिची गंमत अशी की तिच्यातली केवड्याची ताकद मुळात भारतातल्याच एका काकडीकडून घेतलेली आहे. तिकडे कितीतरी वर्षं त्या ताकदीवर निभावलं, औषध जवळजवळ लागायचं नाही, आणि २००४ साली पूर्व अमेरिकेत केवड्याचा नवा प्रकार आला आणि त्या ताकदीला जुमानलाच नाही, शेतंच्या शेतं गेली. पाकिटावर "रोगप्रतिकारक" छापलेलं वाचून जो निवांत बसतो त्याला मी हा किस्सा सांगतो. छापलेलं गेल्या वर्षीच्या बुरशीसाठी असतं, यंदाची बुरशी काही पाकीट वाचून येत नाही.

जपानी लाँग ग्रीन, स्ट्रेट एट ही थंड हवेची बियाणी. फोटो बघून घेतात लोक. आपल्याकडच्या पावसाळ्यात मी नाही लावणार.

वाळूक वेगळं बरं का. बाजरीत यायची ती वाळकं खरबुजाच्या जातकुळीतली, काकडीची नाहीत, त्यामुळे शेजारी असली तरी काकडीशी संकर होत नाही. आणि शेजारी कारलं लावल्याने काकडी कडू होते हे तर साफ खोटं. कडू होते ती पाण्याची ओढ बसली की, आणि ऊन तापलं की. दोन दिवस पाणी विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी पाइप सोडून द्यायचा, हे करणाऱ्याकडे कडू काकडी हमखास.

आता ज्याच्यात पैसे जातात ते.

दुकानात गेलात की तुमच्यासमोर एक चकचकीत पाकीट येणार, बी नगावर मोजून विकतात तसलं. "सर ही बिनबियांची, सगळी मादी फुलं, एका वेलाला एवढा माल". खोटं नसतं ते. पण ती पॉलिहाऊसची जात आहे. तिला मधमाशी लागत नाही, उलट माशी आली तर काकडीत बी धरतं आणि काकडी शेंड्याकडे फुगून बाटलीसारखी होते. तुमच्या उघड्या परसात माशी येणारच की. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी गच्चीवर अशी आठ रोपं लावली, बीचेच पैसे इतके गेले की तेवढ्यात मंडईतनं पावसाळाभर काकडी आली असती, आणि वर पॉलिहाऊसची जात म्हणून पावसाची सवय नाही, केवडा पहिला तिलाच. पानं उलटली होती का विचारलं तर म्हणे दुकानदाराने सांगितलं हिला रोग येत नाही!

आणि याच्या उलट चूक म्हणजे साधी जात लावायची आणि वरून कीडरोधक जाळी गच्च बांधायची. माशी आत येणार कुठून? इवली काकडी पिवळी पडून गळते, मग पुन्हा दुकान, पुन्हा टॉनिक. जाळी फुलं येईपर्यंतच ठेवा. गच्ची फार उंच असेल, माशा येत नसतील तर सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून मादी फुलात फिरवा. मादी फूल ओळखायला सोपं, फुलामागे बोटाएवढी काकडी असते.

सुरुवातीची आठ-दहा दिवसांची फुलं नरच असतात आणि ती गळतात. हा रोग नाही. यावर विकली जाणारी "फूलगळ थांबवणारी" बाटली घेऊ नका.

पाकीट पण उलटून वाचा. टेस्टची तारीख, व्हॅलिडिटी, उगवण टक्के (काकडीला किमान ६० लागते), लॉट नंबर, बीला औषध चोळलंय का. पावती घ्या, पाकीट फाडून फेकू नका. सरळ जात असेल, म्हणजे वर सांगितलेल्यांपैकी, तर एक काकडी वेलावर पिवळी होऊ द्या आणि पुढच्या वर्षीचं बी घरचं करा, फक्त परसात एकच जात लावलेली पाहिजे. हायब्रीडचं बी धरू नका.

लागवड, थोडक्यात:
– बी रात्रभर भिजवा, ट्रायकोडर्मा (मित्रबुरशीची पावडर) चोळा (आधीच रंगीत औषध लावलेलं असेल तर भिजवू-चोळू नका)
– आळ्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड
– दोन वेलांत हात-दीड हात, ओळीत मीटरभर
– एका जागी दोन बिया, दोन सेंटीमीटर खोल, नंतर एकच रोप ठेवा
– गच्चीवर २० लिटरच्या बादलीत एक वेल, बुडाला भोकं
– मांडव किंवा वेल चढवायची जाळी बी टाकायच्या दिवशीच
– चार माणसांच्या घराला चार-पाच वेल पुरे
– तोडा एक दिवसाआड

माझा एक ठोकताळा आहे, शास्त्र विचारू नका, पुष्य नक्षत्राच्या (जुलैअखेर) झडीच्या आत वेल मांडवावर गेला पाहिजे. जमिनीवर लोळणारा वेल झडीत सापडला की संपला. म्हणून आर्द्रात बी टाका, पुनर्वसूच्या (जुलैच्या मध्यापर्यंत) पुढे ढकलू नका. उशीर झाला तर सरळ उन्हाळ्याची तयारी करा.

आणि आता ते पान.

सकाळी सहा-साडेसहाला, दव किंवा पावसाचं पाणी पानावर असतानाच जा. दुपारी जाऊन उपयोग नाही. सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी चार पानं धरा आणि उलटा. वरून बघितलं तर फिकट पिवळे ठिपके दिसतील, गोल नाही, शिरांच्या मध्ये अडकलेले, चौकोनी-कोनाकोनाचे. खालून त्याच जागेवर राखाडी-जांभळट मऊ लव दिसली की केवडा आलाच समजा. वरती पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, ती वेगळी, ती पाऊस उघडल्यावर येते आणि एवढी घाईची नाही. लोक दोन्हीत गोंधळ करतात आणि भुरीचं औषध केवड्यावर मारतात.

लव दिसली तर त्याच मिनिटाला ती पानं देठासकट काढा, पिशवीत घाला, बाहेर टाका. वेल हलवू नका. जमिनीपासून हातभर सगळी पानं साफ, हवा खेळली पाहिजे. वरून पाणी बंद, फक्त बुडाशी, आणि सकाळीच.

फवारणीची शिफारस मँकोझेब, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, म्हणजे लिटरला अडीच, वजन करून, चमच्याने अंदाज नको. हे लागायच्या आधीचं औषध आहे, लागल्यावरचं नाही, म्हणून चार दिवस ढगाळ दिसलं की पाऊस उघडलेल्या संध्याकाळी मारायचं, माश्या परत गेल्यावर, आणि पानाच्या खालून मारायचं. वरून मारलेलं केवड्याला लागत नाही. लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचा, मास्क-हातमोजे घाला. मी स्वतः घरच्या वेलावर काकडी धरल्यावर काहीच मारत नाही, पानं काढत जातो. माल कमी येतो, पण पोरं वेलावरची तोडून तशीच खातात, मग काय करणार.

द्राक्षबागेतलं उरलेलं औषध काकडीला वापरायची आपल्याकडे खोड आहे त्याबद्दल दोन गोष्टी. गंधक काकडी-कारल्यासारख्या वेलवर्गीय पिकाला सोसत नाही, ऊन असताना मारलं तर पानं करपतात. आणि जीए, म्हणजे द्राक्षाचे मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड. घड डुबवून उरलेलं जीएचं पाणी "वाढ होईल" म्हणून काकडीवर ओतणारा माणूस मी बघितलाय. जीएने काकडीला नर फुलं वाढतात. त्याचा वेल नुसता फुलला होता, काकडी एक नाही.

भुरीला मी एक भाग दूध नऊ भाग पाणी मारतो, ऊन असताना. ही शिफारस नाही, माझं आपलं. केवड्याला मात्र दूध, ताक, काही चालत नाही, करून झालंय सगळं.

बाकी कीड:
– लाल भुंगेरे: सकाळी गारव्यात हाताने वेचा, रोपावर राख
– फळमाशी: क्यूल्युअरचा (नर माशीला ओढणारं आमिष) एक सापळा (आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला चालत नाही), किडकी काकडी पुरून टाका
– मावा, पांढरी माशी: ५ टक्के निंबोळी अर्क, पिवळे चिकट कार्ड
– पानं आकसून चट्टेपट्टे आले, व्हायरस दिसला तर वेल उपटा, औषध नाही

आणि एक राहिलं. केवड्याची बुरशी जिवंत वेलावरच जगते, वाळलेल्या काडीवर नाही, त्यामुळे गेल्या हंगामाचा दोडका-घोसाळ्याचा जुना वेल कंपाउंडवर हिरवा राहिला असेल तर तुमच्या काकडीला तिथून लागण येते. बी टाकायच्या आधी तो काढा. शेजाऱ्यांचा असेल तर त्यांना आताच सांगा, आणि त्यांची ना असेल तर त्यांच्या वेलाची पानंही सकाळी तुम्हीच उलटून बघा. पहिल्या तोड्याच्या दोन काकड्या त्यांना द्यायच्या कबूल केल्या तर सहसा ऐकतात.